आधी जाळं, मग यंत्र

जून-जुलैचे दोन महिने समुद्र बंद. होड्या वाळूवर चढवलेल्या, वर झापं नाहीतर निळं प्लास्टिक. जाळी पडवीत, आणि पडवीत बसलेल्यांच्या हातात सुई-दोरा. कोकण किनाऱ्यावर बंदीचा हा काळ खरेदीच्या गप्पांचाही असतो. इंजिनाचा पंखा बदलायचा, दोर घ्यायचा, जाळ्याचे नवे तुकडे जोडायचे. आणि हल्ली या यादीत एक प्रश्न हटकून असतो, ‘औंदा यंत्र खंयचा घेवचा?’

यंत्र म्हणजे खरं तर दोन यंत्रं. फिशफाइंडर पाण्याखाली आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तळ, मासे, खडक पडद्यावर रेखाटतो. चार्टप्लॉटर उपग्रहांकडून आपली जागा समजून घेतो आणि ती सागरी नकाशावर दाखवतो. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारी यंत्रं आता सर्रास मिळतात. गार्मिन, फुरुनो, लॉरन्स, सिमराड ही नावं मोठ्या ट्रॉलरवाल्यांना तर पाठ आहेतच. पण बावीस-सव्वीस फुटांच्या फायबर होडीवर मागे छोटं आऊटबोर्ड इंजिन लावून जाणाऱ्या दोघा-तिघांच्या तोंडीही ती येऊ लागली आहेत. हा लेख त्या दोघा-तिघांसाठी आहे. ट्रॉलरवाल्याला सल्ला द्यायला कंपन्यांचे प्रतिनिधी बंदरात येतातच.

दुकानातला पहिला प्रश्न असतो, ‘पडदा किती इंची?’ खरेदी तिथेच भरकटते. पाच इंची घ्यायला आलेला माणूस सात इंचीकडे बघतो, सातवाला नऊकडे. शेजारच्या होडीवर नऊ इंची लागलं असेल तर विषयच संपला. विचारायला हवं ते हे, की तुम्ही मासे कशानं धरता?

देवगडच्या बाजूला गिलनेटची मासेमारी करणारे एक गृहस्थ भेटले. यंत्र होतं, ते वापरतही होते, पण त्याबद्दल बोलताना त्यांच्या बोलण्यात भक्तिभाव मुळीच नव्हता. म्हणाले, “पडद्यार मासो दिसलो म्हणान तो जाळ्यात येता, असा नाय. जाळा आदीच घातलेला आसता. मासो चलत येऊक व्हयो.” गिलनेट हे वाट अडवून बसणारं जाळं आहे. होडीखाली आत्ता मासा आहे हे कळून त्यांना फार उपयोग नाही. जाळं टाकेपर्यंत तो निघून गेलेला असतो. त्यांना हवा असतो तळ. खडक कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो हे कळलं, तर जाळं खडकाला लागून फाटत नाही. आणि हव्या असतात जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या जागा. रात्री टाकलेल्या जाळ्याचा बोया पहाटेच्या धुक्यात शोधताना जळणारं इंधन आणि जाणारा वेळ वाचला, तरी यंत्राचे पैसे वसूल होतात असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्यांच्या होडीवर चार्टप्लॉटर मुख्य, फिशफाइंडर दुय्यम.

गरीवाल्याचं उलट. गोबरा, तांबोशी हे मासे पाण्याखालच्या खडकाच्या आसऱ्यानं राहतात. खडकाची कड दहा-पंधरा हातांनी चुकली तरी गरी रिकामी वर येते. होडी नेमकी त्या कडेवर उभी करायची, प्रवाहानं किती सरकली ते बघायचं, पुन्हा वर न्यायची. इथे फिशफाइंडर आपली किंमत खरी वसूल करून देतो.

पालघर-रायगडकडे डोळीची मासेमारी चालते. भरती-ओहोटीच्या प्रवाहाला तोंड करून पिशवीसारखं जाळं बांधायचं. ते बांधायला समुद्रात खुंट मारलेले असतात, त्यांना कव म्हणतात. मासा प्रवाहाबरोबर आपणहून येतो. या होडीवर महागडा फिशफाइंडर लावणं म्हणजे निव्वळ हौस. तिथे कवीची जागा अचूक सापडायला हवी आणि भरती-ओहोटीच्या वेळा हव्यात. कव कुठे मारायची यावरून गावागावांत वाद होतात, त्या वादांतही आता अक्षांश-रेखांश मांडले जातात. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीला यातलं काहीच लागत नाही. तिथे किनाऱ्यावरून पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप ओळखणारे डोळे लागतात, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

म्हणून आधी जाळं, मग यंत्र. एवढं ठरलं की निम्मी मॉडेलं आपोआप बाद होतात.

आता फिशफाइंडर नेमकं काय बघतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. होडीच्या बुडाशी एक ट्रान्सड्यूसर असतो. बरेच जण त्याला नुसतं सेन्सर म्हणतात. तो पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. २० मीटर खोल तळावर आदळून तो परत यायला साधारण २७ मिलिसेकंद लागतात. वेळ मोजली की खोली कळली. सगळं यंत्र एवढ्या एका हिशेबावर उभं आहे.

हा आवाज बॅटरीच्या झोतासारखा खाली पसरत जातो. २०० किलोहर्ट्झला झोत अरुंद. वीस अंशांचा धरला तर दहा वाव पाण्यात तळाशी त्याचा गोल जेमतेम सहा मीटरचा. म्हणजे होडीच्या लांबीपेक्षाही कमी. ५० किलोहर्ट्झला झोत रुंद आणि खोलवर पोचणारा, पण बारकावे पुसट. ‘चर्प’ नावाचा जो प्रकार आता बहुतेक यंत्रांत असतो, त्यात एकाच कंप्रतेऐवजी खालपासून वरपर्यंतच्या कंप्रता एका ठोक्यात सोडतात. त्यामुळे जवळजवळ असलेले दोन मासे वेगळे दिसतात, तळाला चिकटलेला मासाही सुटा दिसू शकतो. आपल्या किनाऱ्याला त्याचा फायदा आहे. पश्चिम किनाऱ्यावरची खंडमंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राची, पट्टी रुंद आहे, मुंबईसमोर तर ती सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली आहे. छोट्या होडीचा सगळा कारभार पाच ते वीस-पंचवीस वाव पाण्यात. तिथे उंच कंप्रता आणि दोन-तीनशे वॉट पुरेसे. एक किलोवॉटची ताकद खोल समुद्रात टुनामागे जाणाऱ्यांनी घ्यावी.

वाव हे माप मी मुद्दाम वापरलं. दोन्ही हात पसरले की होणारं अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. दोरीला शिसं बांधून पाणी मोजायची रीत अजून अनेक म्हाताऱ्यांना येते, आणि खोलीबद्दल बोलताना नव्या पोरांच्या तोंडीही वावच येतं. या यंत्रांत खोलीचं एकक बदलता येतं. मीटर किंवा फुटांऐवजी ‘फॅदम’ निवडलं की आकडा थेट वावात. दुकानातून आणल्यावर करायचं हे पहिलं काम, आणि बहुतेक ठिकाणी ते कुणी सांगत नाही. आजोबांनी सांगितलेलं ‘बारा वावाक खडक’ मग पडद्यावरच्या बाराशी जुळतं.

मासा दिसतो म्हणजे काय दिसतं? माशाच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते. पाण्यातून जाणारा आवाज मांसावरून फारसा परतत नाही, हवेवरून जोरात परततो. पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो, ती कमान मुख्यतः त्या पिशवीची. घोळ माशाचं ‘बोत’ ज्यांनी बघितलंय त्यांना ही पिशवी वेगळी समजावून सांगायला नको. २०२१ साली पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका नौकेला दीडशेच्या वर घोळ लागली आणि लिलावात १ कोटी ३३ लाख रुपये आले, ही बातमी किनाऱ्यावर अजून चघळली जाते. त्या रकमेतला मोठा वाटा बोताचाच. फिशफाइंडरला दिसणारी वस्तू तीच.

पण सगळ्या माशांना बोत नसतं. मोरीला नाही, पाकटाला नाही, बोंबलाला नाही. कोळंबीचा तर प्रश्नच नाही. आणि मालवणी माणसाला लागेल असं सांगायचं तर सुरमईलाही नाही. ज्या माशासाठी होडीवाला यंत्र घेतो, तोच मासा त्या यंत्राला अतिशय फिका दिसतो. म्हणून जाणकार माणूस पडद्यावर सुरमई शोधत बसत नाही. तो पेडवे, तारली यांचे ढग शोधतो. ढग वरून दाबल्यासारखा चपटा झाला असेल, मधून फाटला असेल, तर खाली किंवा बाजूला त्यांना खाणारं कुणीतरी आहे.

यंत्रात माशांची छोटी चित्रं दाखवायची सोय असते. परतलेला प्रत्येक ठिपका यंत्र स्वतःच्या अंदाजानं मासा ठरवतं आणि पडद्यावर गोंडस मासे पोहू लागतात. त्यात बुडबुडे असतात, तरंगणारा पाला असतो, जेलीफिश असतात. ही सोय पहिल्या दिवशी बंद करावी. कमान का दिसते हे एकदा कळलं की चित्रांची गरजही राहत नाही: मासा झोताच्या कडेवर असताना यंत्रापासून लांब असतो, मधोमध आला की जवळ, पुन्हा कडेला लांब. होडी उभी असेल आणि मासाही उभा असेल तर कमान होतच नाही, आडवी रेघ होते. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता. डावीकडे सरकत गेलेलं सगळं मागे पडलेलं. नवखा माणूस पडद्याच्या मधोमध मासा बघून गरी टाकतो, तेव्हा होडी त्याच्या पुढे गेलेली असते.

तळाचं वाचन याहून सोपं आणि माझ्या मते जास्त मोलाचं. खडक किंवा कठीण वाळू असेल तर तळाची रेघ जाड, भडक, आणि दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी पुसट रेघ. आवाज तळावरून पाण्याच्या पृष्ठभागावर आणि पुन्हा तळावर असा दोनदा फिरून आलेला असतो. चिखल असेल तर रेघ मऊ, दुसरी रेघ नाहीच. हे ओळखण्यासाठी महागडं बाजूला बघणारं स्कॅन लागत नाही. त्यासाठी ग्राहकता, म्हणजे ‘गेन’, स्वयंचलितवरून काढून हातानं लावायला शिकावं लागतं आणि ओळखीच्या खडकावरून, ओळखीच्या चिखलावरून दोन-चारदा होडी फिरवावी लागते. आपल्याला आधीच माहीत असलेल्या जागेवर यंत्र काय दाखवतं ते बघायचं, मग अनोळखी जागेवर त्याच्यावर विश्वास टाकायचा.

या यंत्राचा जन्मही मच्छीमारांच्या बोलण्यातूनच झाला. जपानमधल्या नागासाकी प्रांतात होड्यांवरची विजेची कामं करणाऱ्या फुरुनो बंधूंना कोळ्यांकडून कळलं की जिथे बुडबुडे वर येतात तिथे मासा असतो. युद्धानंतर नौदलाचे टाकाऊ खोलीमापक मिळत होते. त्यांवर खटपट करून त्यांनी १९४८ साली मासे दाखवणारं व्यवहारात चालेल असं यंत्र बाजारात आणलं. 

*

पडद्यावर खर्च करणारे ट्रान्सड्यूसरवर हात आखडतात. खरं तर चांगल्या जागी नीट बसवलेला साधा सेन्सर आणि पाच इंची पडदा हे वाकड्या बसवलेल्या सेन्सरच्या बारा इंची पडद्यापेक्षा कितीतरी जास्त दाखवतात. आणि सेन्सर कसा बसवायचा हे ठरवतो तुमचा किनारा.

ससून डॉक, मिरकरवाडा अशा बंदरांत नौका पाण्यात उभ्या राहतात. दांडीला, तारकर्लीला, अशा कितीतरी गावांत छोटी होडी रोज वाळूवर ओढली जाते. बुडाला भोक पाडून बसवायचा सेन्सर अशा होडीला नकोच. पहिल्याच आठवड्यात तो खरडला जाईल आणि भोकातून पाणी शिरायची भीती कायमची मागे लागेल. मागच्या फळीवर स्क्रूनं बसवलेला सेन्सरही ओढताना वाळूत रुततो. अशा होड्यांवर दोन मार्ग दिसले. एक म्हणजे लोखंडी किंवा स्टीलच्या दांड्याला सेन्सर लावून तो दांडा काठाला शिकंज्यानं बांधायचा; समुद्रात गेल्यावर खाली सोडायचा, परतताना उचलायचा. ओबडधोबड दिसतो, पण काम चोख. वेगात जाताना मात्र तो थरथरतो, तेव्हा उचलूनच ठेवावा. दुसरा मार्ग होडीच्या आत, बुडाच्या फायबरवर इपॉक्सीनं सेन्सर चिकटवायचा. आवाज घट्ट फायबरमधून आरपार जातो. पण फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल, किंवा चिकटवताना इपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहिला, तर यंत्र आंधळं. शिवाय आतून बसवलेल्या सेन्सरचं पाण्याचं तापमान खोटं येतं, आणि बाजूचं किंवा खालचं बारीक चित्र दाखवणारे स्कॅन आतून चालत नाहीत.

मागच्या फळीवर बसवायचाच असेल तर पंख्यापासून किमान पंधरा इंच दूर, आणि जिथून बुडाखालचं पाणी संथ सरकतं तिथे. पंख्याच्या फेसात सेन्सर ठेवला की पडदा रंगीत कचऱ्यानं भरतो. सेन्सरची तार लांब वाटली म्हणून कापू नये, गुंडाळून ठेवावी. इंजिनाच्या तारांबरोबर एकाच गठ्ठ्यात तर बांधूच नये. बंदरात गर्दीत असताना पडद्यावर तिरप्या रेघा येतात, त्या शेजारच्या होडीच्या यंत्राच्या. त्यात बिघाड काही नाही.

वीज हा छोट्या होडीवरचा दुसरा अडसर. हातानं दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच छोट्या इंजिनांवर बॅटरी चार्ज करायची सोय नसते. सात इंची यंत्र साधारण एक अँपिअर खातं असं धरलं, तर बारा तासांत बारा अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये या हिशेबानं रात्रभराचं काम निघतं, पण दिवे आणि वायरलेस जोडले की ओढाताण होते. म्हणून पडदा मोठा करण्याआधी बॅटरी कुठे चार्ज होणार, रोज घरी कोण वाहून नेणार, हे विचारावं. बॅटरीजवळच फ्यूज हवा. हे न केल्यानं यंत्र जळाल्याच्या गोष्टी प्रत्येक बंदरात ऐकायला मिळतात.

आणि बटणं. स्पर्शपडदा दुकानात देखणा वाटतो. माशाचा चिकटा, खवले आणि खारं पाणी लागलेल्या बोटांना तो ओळखत नाही, आणि पाण्याचा शिंतोडा उडाला की स्वतःहून कुठलं तरी पान उघडतो. बटणांचं यंत्र घ्यावं, नाहीतर दोन्ही असलेलं. दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का ते दुकानाच्या आत बघून कळत नाही. यंत्र सुरू करून बाहेर रस्त्यावर आणायला सांगावं. दुकानदार कुरकुरला तरी सांगावं.

*

चार्टप्लॉटरकडे वळायचं तर एका फसवणुकीपासून सुरुवात करावी लागेल. काही स्वस्त यंत्रांत जीपीएस असतो, पण नकाशा नसतो. कोऱ्या पडद्यावर आपण ठेवलेल्या खुणा आणि आपण आखलेली वाट, एवढंच. गार्मिनची स्ट्रायकर मालिका अशी आहे. हे वाईट नाही; गिलनेटवाल्याला ते पुरेसंही ठरतं. पण चार्टप्लॉटर समजून ते घेऊ नये. दुसरा प्रकार परदेशातून आलेल्या यंत्रांचा. आत नकाशा असतो, पण अमेरिकेतल्या सरोवरांचा. कोकणासाठी त्यात जगाचा ढोबळ नकाशा उरतो, ज्यावर खाडीचं मुख म्हणजे एक वाकडी रेघ. म्हणून बिल आपल्या नावाचं हवं, हमी भारतातली, आणि नकाशा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचा. दुकानातच पडद्यावर मालवण किंवा दाभोळ मोठं करून बघायचं.

सागरी नकाशांचं काम आपल्याकडे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय करतं. यंत्रातले खासगी कंपन्यांचे नकाशेही अशा सरकारी सर्वेक्षणांवर आधारलेले असतात. बंदरं आणि जहाजांच्या वाटा नीट मोजलेल्या असतात. छोट्या खाड्यांची मुखं तेवढी नाहीत, आणि मोजली तरी एका पावसाळ्यात वाळू जागा बदलते. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला ज्यांनी दर वर्षी बदलणारी वाळू बघितली आहे त्यांना हे सांगायला नको. नकाशातली खोली सर्वांत खालच्या ओहोटीची धरलेली असते, त्यात त्या वेळची भरती मिळवायची. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भांगाच्या दिवसांत दोन्हीकडे आणखी कमी. एवढं सगळं असूनही खाडीच्या मुखाचा सगळ्यात भरवशाचा नकाशा आपणच बनवतो: ऑगस्टमध्ये, उजेडात, भरतीला, हळू बाहेर पडायचं आणि यंत्राला वाट जपून ठेवायला सांगायचं. रात्री त्याच रेघेवरून आत यायचं. पुढच्या ऑगस्टमध्ये ती रेघ पुसून नवी.

नकाशाची गरज परक्या माणसाला अधिक. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळात भरकटलेल्या केरळ-तमिळनाडूच्या ६८ नौका, साडेनऊशेच्या वर मच्छीमार घेऊन, सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. वादळात अनोळखी बंदर शोधायचं तर मुखातले खडक दाखवणारा नकाशा लागतो. मालवणच्या खडकांमधून मालवणचा माणूसही रात्री बिचकून जातो. उत्तरेला गोष्ट वेगळी. मुंबई हायच्या तेलफलाटांभोवती ५०० मीटरच्या आत जायला बंदी आहे, आणि त्याहून वर गेलं की पाकिस्तानची सागरी हद्द. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेली पालघरची माणसं कराचीच्या तुरुंगात पोचतात, ती याच न दिसणाऱ्या रेघेपायी.

एक बारीक, पण महाग पडणारी गोष्ट. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासा मिळण्याची शक्यता असलेली क्षेत्रं कळवते, मराठीतही कळवते. बंदरापासूनचं अंतर, दिशा, खोली, आणि अक्षांश-रेखांश. हे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंद असे येतात. यंत्र बहुधा अंश आणि दशांश मिनिटं अशा पद्धतीवर लावलेलं असतं. १६ अंश ३ मिनिटं ३० सेकंद ही जागा कुणी १६ अंश ३.३० मिनिटं अशी भरली, तर होडी सुमारे ३७० मीटर चुकते, कारण ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, ३.५०. दोन खोल्यांएवढ्या खडकावर गरी टाकायला निघालेल्याला ३७० मीटर म्हणजे दुसरं गाव. यंत्राच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते, एकदा बदलली की झालं. दांडीवर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या फार थोड्यांना ही गोष्ट दुकानदारानं सांगितली होती.

होकायंत्र मात्र काढून टाकू नये. जीपीएसला आपण कुठे आहोत ते कळतं, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे वळलेली आहे ते कळत नाही. चालत्या होडीच्या मार्गावरून तो दिशा काढतो. इंजिन बंद करून वाहत असताना पडद्यावरचा बाण गरगर फिरतो, आणि धुक्यात नेमकं तेव्हाच घराकडे नाळ वळवायची असते.

मोबाइल आहेच की, असं तरुण पोरं म्हणतात. बरोबर आहे, नेटवर्क नसलं तरी मोबाइलचा जीपीएस चालतो, आणि पहिला हंगाम त्यावर काढून आपल्याला खरंच काय लागतं ते ठरवणं शहाणपणाचं. पण ओल्या हातात तो टिकत नाही आणि घरी फोन करायची बॅटरी नकाशातच संपते.

सरकारकडून काय मिळतं तेही खरेदीआधी बघावं. २०२४ च्या ऑगस्टअखेर पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे १ लाख ट्रान्सपॉन्डर मोफत बसवायच्या योजनेचा आरंभ केला. त्यातून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात, वादळाचा इशारा येतो, संकटात बटण दाबता येतं. सुरक्षा साहित्यासाठी अनुदानाच्या योजनाही असतात. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे आधी चौकशी, मग दुकान, हा क्रम. उलटा केला तर बिल चालत नाही. हातातले पैसे मोजकेच असतील तर माझा कौल असा: आधी लाइफ जॅकेट आणि वायरलेस, मग खुणा ठेवणारा जीपीएस, मग साधा फिशफाइंडर, आणि नकाशा त्यानंतर, जर रात्री किंवा परक्या पाण्यात जात असाल तर. बाजूला बघणारं स्कॅन शेवटी, आणि बहुतेकांना कधीच नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये हवा, तो फुकट आहे.

यंत्रानं समुद्र रिकामा केला, ही तक्रार मात्र प्रत्येक वाळूवर ऐकू येते. तक्रार खोटी नाही, पण ती चुकीच्या डब्यावर जाते. छोट्या होडीचा फिशफाइंडर फक्त खाली, होडीएवढ्या गोलात बघतो. मोठ्या पर्ससीन नौकांवरचा सोनार चहूबाजूंनी लांबवर बघतो आणि अख्खा थवा जाळ्यात वेढता येतो. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ साली राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. अंमलबजावणीबद्दल किनाऱ्यावर कुणाला विचारावं लागत नाही, लोक न विचारता सांगतात. पात, म्हणजे छोटी होडी, घेऊन जाणाऱ्याच्या पाच इंची पडद्याला त्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे.

खुणांबद्दल लिहायचं राहिलं. पूर्वी नौका चालवणारा तांडेल डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज आणि माडांची रांग असं जुळवून जागा ओळखायचा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे खडक. ती खूण मुलाला दिली जायची, पुतण्याला नेहमी दिली जायचीच असं नाही. आता ती खूण पडद्यावर एक आकडा आहे. तांडेल नोकरी सोडून दुसऱ्या नौकेवर गेला की मालकाच्या यंत्रात त्या खुणा राहतात, किंवा जाता जाता तो पुसून जातो. दोन्ही घडतं, आणि दोन्हीवरून भांडणं होतात. म्हणून वर्षातून एकदा तरी सगळ्या खुणा मेमरी कार्डवर उतरवून घ्याव्यात आणि कार्ड घरी ठेवावं. यंत्र खाऱ्या हवेत कधीतरी बंद पडणारच, आणि दुरुस्तीला गेलेलं यंत्र कोरं होऊन परत येऊ शकतं.

यंत्र शाबूत असलं तर त्याची आठवण किती पक्की असते याचा दाखला फार वेगळ्या ठिकाणी मिळाला. २००८ च्या नोव्हेंबरात अपहरण झालेल्या ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवर सापडलेल्या जीपीएसमधल्या नोंदी मुंबई हल्ल्याच्या खटल्यात पुरावा म्हणून आल्या.

जुन्या यंत्रांचा बाजार हंगामाच्या तोंडावर तेजीत असतो. पहिल्यांदा यंत्र घेणाऱ्याला वापरलेलं घ्यायलाही हरकत नाही, फक्त सेन्सर आणि त्याची तार त्याच यंत्राची आहे का ते बघावं, आणि पाण्यात उतरवून तळ दिसतो का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोरड्या जमिनीवर चालणारा पडदा काहीच सिद्ध करत नाही. विकणाऱ्यानं मात्र आधी आपल्या खुणा उतरवून घ्याव्यात आणि यंत्र कोरं करावं. मालवणात एकानं घाईत तसंच विकलं. घेणारा पहिल्या दिवशी थेट त्याच्या खडकावर होडी घेऊन उभा.